स्कॅनच्या फिल्मपेक्षा सीडी मोलाची

सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. झालेल्या रुग्णाच्या घरी एक मोठा लिफाफा असतोच. त्यात काळसर फिल्म असतात, छापील रिपोर्ट असतो आणि बऱ्याचदा एका कोपऱ्यात एक सीडी असते. रिपोर्ट घरातले सगळे वाचतात. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहतात. सीडीकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. मुले ती खेळायला घेतात, नाहीतर पाखरे हाकलण्यासाठी ती शेतात दोरीला बांधली जाते. पुढे कधी डॉक्टर सांगतात, "एकदा मुंबईला दाखवून या." नातेवाईक फिल्म आणि रिपोर्ट घेऊन मोठ्या रुग्णालयात पोहोचतात आणि तिथले डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात, "सीडी आणली आहे का?" नाही म्हटले की पुष्कळदा तपासणी पुन्हा करावी लागते. पुन्हा काही हजारांचा खर्च, पुन्हा नंबर लावणे आणि परगावचा मुक्काम वाढणे आलेच.

हातात फिल्म असताना डॉक्टर सीडी का मागतात? यामागे कोणाचा लहरीपणा नाही. खरा स्कॅन सीडीत असतो आणि फिल्मवर त्याचा फार थोडा भाग उतरतो, हे त्याचे साधे उत्तर आहे. सीडीतील स्कॅन उघडून पाहणारी, त्यातून शरीराचा भाग उभा करणारी आणि दोन वेगवेगळे स्कॅन एकावर एक जुळवणारी संगणकाची सॉफ्टवेअर आज उपचारांचा भाग झाली आहेत. ती काय करतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

स्कॅन म्हणजे आकड्यांची वही

जर्मनीत राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. साधा एक्स-रे म्हणजे या किरणांनी पाडलेली शरीराची सावली. छातीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या बरगड्या, फुप्फुसे, हृदय आणि पाठीचा कणा एकावर एक पडलेले दिसतात. कोणते पुढे आणि कोणते मागे, हे सावलीवरून नेमके सांगणे कठीण असते.

ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने सोडवली. ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे आपल्याकडे माहीत असलेल्या ई. एम. आय. कंपनीत ते काम करीत होते. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा पहिला सी. टी. स्कॅन घेतला. मेंदूत गाठ असल्याचा डॉक्टरांना संशय होता आणि ती गाठ चित्रात दिसली. या कामाबद्दल हाउन्सफील्ड आणि त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सी. टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते आणि संगणक शरीराच्या पातळ चकत्या तयार करतो. आपण काकडीच्या चकत्या करतो, तसेच. फरक एवढाच की येथे सुरी लागत नाही. प्रत्येक चकती चौकटीच्या वहीसारखी लहान लहान घरांत विभागलेली असते आणि प्रत्येक घरात एक आकडा असतो. तो भाग क्ष-किरणांना किती अडवतो, हे त्या आकड्यावरून कळते. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १०० च्या आसपास आणि हाडाचा काही शेकड्यांपासून हजाराच्याही वर. या मोजमापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव दिले आहे.

हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या चित्रात ८० ओळी आणि ८० रकाने होते, म्हणजे एकूण ६,४०० घरे. आजच्या स्कॅनच्या एका चकतीत साधारणपणे ५१२ ओळी आणि ५१२ रकाने असतात, म्हणजे अडीच लाखांहून अधिक घरे. छाती-पोटाच्या तपासणीत अशा ३०० चकत्या निघाल्या असे धरले, तर सुमारे ७ कोटी ८६ लाख आकडे होतात. हे सारे आकडे म्हणजे तुमचा स्कॅन. ते फिल्मवर मावत नाहीत, सीडीवर मावतात.

फिल्मवर काय येते, काय राहून जाते?

एका फिल्मवर १५-२० चित्रे बसतात. शेकडो चकत्यांपैकी महत्त्वाच्या वाटतील तेवढ्या निवडून त्या फिल्मवर छापल्या जातात. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर, रिपोर्ट लिहिताना संगणकावर सगळ्या चकत्या पाहतात. त्यामुळे रिपोर्ट अपुरा राहिला, असे समजण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकाच्या मनात निराळा प्रश्न असतो. गाठ आहे हे त्यांना रिपोर्टवरून कळलेलेच असते. गाठ आणि शेजारची रक्तवाहिनी यांच्यामध्ये चरबीचा पातळ थर शिल्लक आहे की नाही, हे त्यांना पाहायचे असते. ती चकती फिल्मवर छापलेली नसेल, तर पाहणार कशी?

दुसरी अडचण छटांची. आकडे उणे हजारापासून हजाराच्या पलीकडे पसरलेले असतात. माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या इतक्या छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून तज्ज्ञ आकड्यांचा एक पट्टा निवडतात आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा त्या पट्ट्यालाच देतात. याला 'विंडो' म्हणतात. फुप्फुसांसाठी एक विंडो, हाडांसाठी दुसरी, यकृतासारख्या मऊ अवयवांसाठी तिसरी. फुप्फुसाच्या विंडोत हाड नुसते पांढरेफटक दिसते. हाडाच्या विंडोत त्याच चकतीतील बारीक चीर दिसू लागते. फिल्म छापली की विंडो कायमची ठरून जाते. सीडीवरचा स्कॅन संगणकात उघडला की हवी तेव्हा हवी ती विंडो लावता येते.

संगणकात स्कॅन उघडल्यावर

स्कॅन पाहण्याच्या सॉफ्टवेअरचे पहिले काम चकत्यांवरून वरखाली फिरता येणे हे आहे. हे काम साधे वाटते, पण फार उपयोगाचे आहे. एका चित्रात दिसणारा गोल ठिपका गाठही असू शकतो आणि आडवी कापली गेलेली रक्तवाहिनीही. चार चकत्या वर, चार चकत्या खाली गेल्यावर ठिपका लांबत जाऊन नळीसारखा दिसला तर ती रक्तवाहिनी. तो तिथेच संपला, तर गाठीचा विचार करावा लागतो.

दुसरे काम दिशा बदलण्याचे. चकत्या पुरेशा पातळ असतील, साधारण एक मिलिमीटरच्या, तर संगणक त्या पुन्हा एकावर एक रचतो आणि तोच भाग समोरून, बाजूने किंवा तिरका कापून दाखवतो. वरून ठोकळा ठेवलेल्या खव्यासारखी ही गोष्ट आहे. एकदा ठोकळा जमला की वडी कोणत्याही बाजूने पाडता येते. मणक्याचे हाड किती दबले आहे, हे आडव्या चकतीपेक्षा बाजूच्या छेदात चटकन कळते.

तिसरे काम अवयव उभा करून दाखवण्याचे. ठरावीक आकड्याच्या वरची सगळी घरे म्हणजे हाड, असे सांगितले की संगणक त्या घरांवरून पृष्ठभाग विणतो आणि कवटी किंवा मोडलेले माकडहाड पडद्यावर हातात धरल्यासारखे फिरवता येते. असा पृष्ठभाग विणण्याची प्रसिद्ध रीत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ साली मांडली. अपघातात चेहऱ्याची किंवा खुब्याची हाडे मोडली, तर कोणता तुकडा कुठे सरकला आहे आणि पट्टी कुठे बसवायची, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवता येते.

चौथे काम मोजमापाचे. समजा, मुलगा वडिलांना यकृताचा भाग देणार आहे. मुलाच्या यकृताचे एकूण आकारमान किती, काढायच्या भागाचे किती आणि मागे किती उरेल, याचा हिशेब स्कॅनवरूनच करतात. दात्याच्या शरीरात साधारण ३० ते ३५ टक्के तरी यकृत उरले पाहिजे. हा हिशेब कमी भरला, तर दाता कितीही तयार असला तरी डॉक्टर नकार देतात. येथे आकड्यांवर दोन जिवांची सुरक्षितता अवलंबून असते.

दोन नकाशे, एक गाव

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. सी. टी., एम. आर. आय. आणि पेट या तपासण्या एकमेकींच्या जागी चालणाऱ्या नाहीत. सी. टी. मध्ये हाड, ताजा रक्तस्राव आणि फुप्फुस चांगले दिसते. एम. आर. आय. मध्ये चुंबकाचा उपयोग होतो, क्ष-किरणांचा नाही. मेंदू, मज्जारज्जू आणि सांध्यातील मऊ भाग त्यात ठळक दिसतात. पेट तपासणीत किंचित किरणोत्सर्गी केलेले साखरेसारखे औषध शिरेतून देतात. जिथल्या पेशी जास्त साखर ओढतात, तो भाग उजळून दिसतो. कर्करोगाची गाठ अशी उजळते. मात्र क्षयरोगाची किंवा इतर जंतुसंसर्गाची जागाही उजळते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

थोडक्यात, एक तपासणी रचना दाखवते, दुसरी मऊ भागांतील फरक दाखवते आणि तिसरी पेशींची हालचाल दाखवते. तिन्हींची माहिती एकाच जागी हवी असेल, तर त्या जुळवाव्या लागतात.

हे समजण्यासाठी गावच्या नकाशाचे उदाहरण घेऊ. एका नकाशात शेतांच्या हद्दी आहेत. दुसरा नकाशा पारदर्शक कागदावर असून त्यात विहिरी आणि ओढे आहेत. कोणाच्या शेतात कोणती विहीर, हे पाहायचे तर पारदर्शक नकाशा पहिल्यावर ठेवून थोडा सरकवावा लागतो, थोडा फिरवावा लागतो. देवळावर देऊळ आणि वेशीवर वेस आली की नकाशे जुळले. संगणकही हेच करतो, पण तीन दिशांनी.

डोक्याचा सी. टी. स्कॅन सोमवारी झाला आणि एम. आर. आय. गुरुवारी दुसऱ्या यंत्रावर झाला, तर दोन्ही वेळी डोके सारखेच ठेवलेले नसते. ते तीन दिशांना सरकलेले असू शकते. शिवाय तीन प्रकारे वळलेले असू शकते. आपण 'नाही' म्हणताना मान हलते तसे, 'हो' म्हणताना हलते तसे, आणि खांद्याकडे कलते तसे. तीन सरकणे आणि तीन वळणे मिळून सहा आकडे झाले. हे सहा आकडे बरोबर सापडले की दोन्ही स्कॅन जुळतात. कवटी कठीण आहे आणि मेंदू तिच्यात बंदिस्त आहे, म्हणून डोक्याच्या बाबतीत सहा आकडे पुरतात.

पण जुळले हे संगणकाला कळावे कसे? सी. टी. मध्ये हाड पांढरे दिसते. एम. आर. आय. मध्ये तेच टणक हाड काळे दिसते. सारखी छटा सारख्या छटेवर आणा, असे सांगून भागत नाही. यावर १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेत व्हायोला आणि वेल्स यांनी, तसेच बेल्जियममधील लवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे एकच उपाय काढला. पुन्हा नकाशाकडे पाहा. एका नकाशात ऊस हिरव्या रंगाने दाखवला आहे, दुसऱ्यात जांभळ्या. रंग निराळे आहेत. पण नकाशे नीट जुळले की जिथे जिथे हिरवा, तिथे तिथे जांभळाच येतो. नकाशे सरकलेले असतील, तर हिरव्याखाली कधी जांभळा, कधी पिवळा, कधी निळा येतो. म्हणजे एका चित्रातील छटा पाहून दुसऱ्यातील छटा जितक्या खात्रीने सांगता येते, तितके जुळणे चांगले. संगणक डोके थोडे थोडे हलवून ही खात्री मोजतो आणि ती सर्वांत जास्त होईल तिथे थांबतो. आजच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ही रीत वापरली जाते.

पोट आणि छाती मात्र हलतात

मानेखाली आले की गोष्ट अवघड होते. श्वासाबरोबर यकृत वरखाली होते. मूत्राशय भरते आणि रिकामे होते. आतडी तर कधीच जागेवर नसतात. येथे सरकवून आणि वळवून भागत नाही. नकाशा रबराचा आहे असे समजून तो जागोजाग ताणावा लागतो. सॉफ्टवेअर हे करू शकते, पण रबर चुकीच्या जागी ताणले गेले तरी चित्र गुळगुळीतच दिसते, हा त्यातला धोका आहे.

म्हणून दोन यंत्रेच एकत्र करण्याची कल्पना पुढे आली. डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांच्या कल्पनेतून पेट आणि सी. टी. एकत्र असलेले पहिले यंत्र १९९८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे रुग्णांसाठी वापरात आले. रुग्ण त्याच टेबलावर झोपून राहतो आणि एकामागोमाग दोन्ही स्कॅन होतात. त्यामुळे जुळवणीचे बरेच काम आपोआप होते. तरीही सी. टी. काही सेकंदांत होतो आणि पेटला अनेक मिनिटे लागतात. तेवढ्यात रुग्ण कितीतरी वेळा श्वास घेतो. त्यामुळे यकृताच्या वरच्या टोकावरील गाठ कधी कधी फुप्फुसाच्या तळाशी असल्यासारखी दिसते. अनुभवी तज्ज्ञ म्हणूनच दोन्ही चित्रे जोडून पाहतात आणि वेगवेगळीही पाहतात.

जिथे मिलिमीटरला महत्त्व आहे

या सगळ्याचा रुग्णाला काय उपयोग? मेंदूतील गाठीच्या रेडिएशनचे उदाहरण पुरेसे आहे. शस्त्रक्रियेनंतर अशा अनेक रुग्णांना आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात. उपचाराआधी रुग्णाच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, म्हणजे रोज डोके त्याच जागी राहते. मग मुखवट्यासह सी. टी. स्कॅन घेतात. किरण किती खोल जातील आणि कुठे किती शोषले जातील, याचा हिशेब सी. टी. च्या आकड्यांवरून करता येतो. एम. आर. आय. वरून तो हिशेब थेट करता येत नाही. उलट गाठीची कड सी. टी. मध्ये अस्पष्ट असते आणि एम. आर. आय. मध्ये स्पष्ट दिसते. म्हणून एम. आर. आय. सी. टी. वर जुळवतात, एम. आर. आय. पाहून गाठीची हद्द आखतात आणि सी. टी. वरून किरणांचा हिशेब करतात.

जुळवणी तीन-चार मिलिमीटर चुकली तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. एका बाजूला गाठीचा काठ किरणांवाचून राहील. दुसऱ्या बाजूला दृष्टीच्या नसेवर नको इतके किरण पडतील. यासाठी डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ जुळवलेले चित्र स्वतः तपासतात. डोळ्यांची बुबुळे, मेंदूतील पाण्याचे कप्पे आणि कवटीची आतली कड या खुणा दोन्ही चित्रांत एकाच जागी येतात का, हे ते पाहतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखी सोय असते. एका घरात सी. टी., शेजारच्या घरात एम. आर. आय. घरांच्या सीमेवर कवटीची रेघ तुटलेली दिसली, की जुळवणी चुकली.

येथेच रुग्णाची सीडी कामाला येते. मुखवट्यासह सी. टी. पुन्हा घ्यावाच लागतो, तो टळत नाही. परंतु नुकताच झालेला एम. आर. आय. पातळ चकत्यांचा असेल आणि त्याची सीडी असेल, तर तो वापरता येण्याची शक्यता असते. फक्त फिल्म असेल, तर ती संगणकात जुळवताच येत नाही.

जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवल्यावर

दुसरे उदाहरण फुप्फुसातील लहान गाठीचे. आपल्याकडे क्षयरोग होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसात जुने डाग, लहान गाठी सापडणे नवे नाही. खोकल्यासाठी स्कॅन केला आणि ६ मिलिमीटरची गाठ निघाली, की घरावर चिंतेचे सावट येते. अशा वेळी जुना स्कॅन मिळाला, तर तो फार मोलाचा ठरतो. दोन वर्षांपूर्वी हीच भरीव गाठ तेवढीच होती असे दिसले, तर ती सहसा निरुपद्रवी मानली जाते. रुग्णाची सुई टोचून तुकडा काढण्याची तपासणी टळू शकते.

पण येथेही डोळ्यांचा अंदाज फसवतो. ६ मिलिमीटरची गाठ साडेसात मिलिमीटर झाली, तर फिल्मवर ती जवळपास तेवढीच दिसते. गणित सांगते की गोल गाठीचा व्यास सुमारे २६ टक्के वाढला, की तिचे आकारमान दुप्पट होते. म्हणजे ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. सॉफ्टवेअर दोन्ही स्कॅन जुळवून तीच गाठ शेजारी शेजारी आणते आणि मोजून दाखवते. हे मोजमाप जुन्या सीडीशिवाय अशक्य आहे.

सगळ्या यंत्रांची एक भाषा

पूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपल्याच पद्धतीने चित्रे साठवीत असे. एका कंपनीच्या यंत्रावरचा स्कॅन दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नसे. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्र उत्पादकांची संघटना १९८३ साली एकत्र बसल्या आणि त्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये 'डायकॉम' ही पद्धत रूढ झाली. आज जगभर तीच चालते. या पद्धतीत प्रत्येक चित्रासोबत रुग्णाचे नाव, तारीख, चकतीची जाडी, एका घराची रुंदी आणि डावी-उजवी बाजू यांची नोंद असते. म्हणून आपल्या गावातील केंद्राची सीडी मुंबईत उघडते.

फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, की यातील काहीच उरत नाही. ना मोजमाप, ना विंडो, ना जुळवणी. तातडीच्या वेळी ढोबळ सल्ल्यासाठी असा फोटो ठीक. त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय मागू नये.

ही सॉफ्टवेअर फक्त लाखो रुपयांचीच असतात असेही नाही. बोस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय आणि एम. आय. टी. यांच्या सहकार्याने १९९८ साली सुरू झालेले 'थ्रीडी स्लायसर' कोणालाही विनामूल्य मिळते. स्कॅन उघडणे, अवयवाची हद्द आखणे आणि दोन स्कॅन जुळवणे ही कामे त्यात होतात. जगभरचे डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थी ते वापरतात. मात्र ते संशोधनासाठी आहे, रुग्णाच्या उपचारासाठी मान्यता मिळालेले साधन म्हणून नाही, असे त्याचे कर्तेच स्पष्ट सांगतात.

सुंदर चित्रावर भुलू नये

घरात संगणक असेल, तर सीडी उघडून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पाहण्यास हरकत नाही. निदान मात्र करू नये. पडद्यावर प्रथेप्रमाणे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. एवढ्यावरूनही घरच्यांचा गोंधळ उडतो. पेटमध्ये मेंदू, मूत्राशय आणि कधी हृदय निरोगी माणसातही उजळते. ते पाहून रोग सगळीकडे पसरला, असे समजून लोक हातपाय गाळतात.

डॉक्टरांनाही हे भान ठेवावे लागते. रंगीत, फिरते चित्र रुग्णाला समजावून सांगण्यास आणि शस्त्रक्रिया आखण्यास उत्तम. पण ते रंग संगणकाने भरलेले असतात. एक आकडा थोडा बदलला, तर पातळ हाडात नसलेले छिद्र दिसते किंवा असलेली चीर बुजते. म्हणून निदान मूळ चकत्यांवरूनच होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत उपकरणाचे टोक कुठे आहे, हे आधीच्या स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा असते. कवटी उघडून पाणी निघून गेले की मेंदू थोडा खाली बसतो आणि पडद्यावरचे चित्र जुने होते. अशा वेळी शल्यचिकित्सक चित्रावर विसंबत नाहीत, स्वतःच्या डोळ्यांवर आणि हातांवर विसंबतात.

रुग्णांनी काय करावे?

१. स्कॅन झाल्यावर रिपोर्टबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावा. "डायकॉम चित्रे, सगळ्या चकत्यांसह द्या," असे सांगावे. तपासणीचे पैसे भरतानाच ही चौकशी केलेली बरी.

२. केंद्राने मोबाईलवर लिंक पाठवली असेल, तर ती काही दिवसांनी बंद होऊ शकते. सर्व चित्रे लगेच उतरवून ठेवावीत.

३. सीडीवर ओरखडे पडतात, उन्हाने ती खराब होते आणि आताच्या अनेक संगणकांना सीडीचा कप्पाच नसतो. जाणकाराकडून पेन ड्राइव्हवर नक्कल करून घ्यावी. नक्कल करताना एखादे चित्र निवडू नये, सीडीतील सगळे फोल्डर जसेच्या तसे घ्यावे.

४. सीडीवर रुग्णाचे नाव, तपासणीचा भाग आणि तारीख सीडीसाठीच्या पेनने लिहावी. चिकटपट्टी लावू नये. जुनी सीडी नवी आली म्हणून टाकून देऊ नये.

५. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सीडी, फिल्म आणि रिपोर्ट तिन्ही न्यावे. शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचा कागदही न्यावा.

६. सीडीत रुग्णाचे नाव आणि आजाराची माहिती असते. ती कोणाच्याही हाती देऊ नये. रुग्णालयाला शक्यतो नक्कल द्यावी, मूळ आपल्याकडे ठेवावी.

७. रुग्णालयात दाखल असतानाची कागदपत्रे मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.

पुन्हा स्कॅन करण्याची गरज कधीच नसते, असा याचा अर्थ नव्हे. आजार बदलला असेल, आधीचा स्कॅन जाड चकत्यांचा असेल किंवा औषध न टोचता केलेला असेल, तर डॉक्टर नवा सांगतात आणि तो करून घेणेच योग्य. "जुनी सीडी आहे, ती चालेल का?" एवढे मात्र नम्रपणे विचारावे. पोटाच्या एका सी. टी. स्कॅनमधून साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला निसर्गतः वर्षभरात मिळणारे किरण जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहेत. म्हणजे एक स्कॅन तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका झाला. गरजेच्या वेळी हा धोका लहान आणि फायदा मोठा असतो. सीडी हरवली म्हणून विनाकारण घेतलेल्या स्कॅनमध्ये मात्र पैसा जातो, वेळ जातो आणि फायदा काहीच होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

सातबारा, जन्मदाखला आणि विम्याची कागदपत्रे आपण लोखंडी कपाटात जपून ठेवतो. स्कॅनची सीडीही त्यांच्याच शेजारी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावे. रुग्णाला अचानक हलवण्याची वेळ येते, तेव्हा शोधाशोध करायला कोणालाच उसंत नसते.